राजांची नगरी लिमा कशी झाली? (स्पॅनिश वसाहतींमधल्या शहरांची नावं)

पैलतीर

नोकरीनिमित्त तीन वर्षं पेरू देशात, लिमा शहरात राहिले. परत येऊन पाच महिने झाले. तिथं असताना शहरांच्या नावांची एक वही केली होती. ती कपाटात पडून राहण्यापेक्षा इथे मांडावी आणि तुमच्याकडूनही भर घालून घ्यावी म्हणून हा धागा.

लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षातले कित्येक महिने आभाळ एकसारखं राखाडी असतं, तिथले लोक त्याला 'गाढवाचं पोट' म्हणतात. पण जानेवारी-फेब्रुवारीत वर अँडीजच्या डोंगरात पाऊस लागला की शहरातली रिमाक नदी फुगते. राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याच्या मागच्या अंगाने ती वाहते. जवळच्या जुन्या दगडी पुलावर उभं राहिलं की खाली चहासारखं गढूळ पाणी दिसतं, आणि पाण्याच्या खळखळाटाखालून आणखी एक आवाज येत राहतो. तळातले धोंडे एकमेकांवर आपटत पुढे ढकलले जातात, त्याचा. माझ्या शेजारी एक आजी राहायच्या, मूळच्या डोंगरातल्या, घरात केचुआ बोलणाऱ्या. एकदा त्यांच्यासोबत त्या पुलावरून जात होते. त्या थांबल्या, कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रिमाक म्हणजे बोलणारा."

केचुआत 'रिमाय' म्हणजे बोलणं. त्याला शेवटी 'क' लागला की बोलणारा. या खोऱ्यात कौल देणारं एक देवस्थान होतं असं जुने स्पॅनिश इतिहासकार लिहितात, त्यामुळे 'बोलणारा' म्हणजे नदी की देव, यावर वाद आहे. मला दोन्ही पटतं.

आता शहराकडे येऊ. फ्रान्सिस्को पिझारो या स्पॅनिश सेनानीने १८ जानेवारी १५३५ रोजी ते वसवलं, ताउलिचुस्को नावाच्या स्थानिक सरदाराच्या जमिनीवर. नाव ठेवलं 'सियुदाद दे लोस रेयेस', म्हणजे राजांची नगरी. हे राजे स्पेनचे नव्हेत, तर बाळ येशूच्या दर्शनाला ताऱ्यामागोमाग आलेले तीन राजे. त्यांचा सण ६ जानेवारीला असतो आणि जागेचा शोध त्याच दिवसांत चालला होता. शहराच्या मुद्रेवर आजही तीन मुकुट आणि एक तारा आहे. सरकारी कागदांवर पुष्कळ वर्षं हेच नाव चाललं.

पण तोंडात ते बसलं नाही. किनाऱ्यावरच्या केचुआत 'र'च्या जागी 'ल' यायचा, म्हणून रिमाकचं तिथे 'लिमाक' होतं. स्पॅनिश कानांनी शेवटचा 'क' गाळला आणि लिमा झालं. म्हणजे शहर आणि त्यातून वाहणारी नदी यांचं नाव एकच. नदीने डोंगरातला उच्चार ठेवला, शहराने किनाऱ्यावरचा. तीन वर्षं रोज ही दोन्ही नावं वाचली, आणि हे कळेपर्यंत त्यांच्यातलं नातं मला दिसलं नव्हतं.

तेव्हापासून मी हेच बघत आले. जेत्याने कागदावर लिहिलेलं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव यांची ओढाताण जवळपास प्रत्येक शहरात झालेली दिसते, आणि कोण जिंकलं यावरून त्या शहराची बरीच कुळकथा कळते.

कोलंबियातल्या बोगोताचंच बघा. तिथल्या मूळच्या मुइस्का लोकांच्या मुख्य ठिकाणाचं नाव बाकाता. गोन्सालो हिमेनेस दे केसादाने १५३८ मध्ये जवळच नवं शहर वसवलं, ते सांता फे, म्हणजे पवित्र श्रद्धा. स्पेनमधल्या ग्रानादाजवळच्या सांता फे गावावरून. पुढे सांता फे दे बोगोता. स्वातंत्र्यानंतर नुसतं बोगोता उरलं. १९९१ च्या राज्यघटनेने पुन्हा 'सान्ताफे दे बोगोता' केलं, पण लोक बोगोताच म्हणत राहिले आणि २००० मध्ये कागदालाच माघार घ्यावी लागली.

तुम्ही पाहिलेल्या शहरांबद्दल जरूर लिहा.

अक्षरवेडा

फार सुंदर लिहिलंय ताई. रिमाक आणि लिमा एकच हे वाचून दोन मिनिटं थांबलो.

एक शंका. ब्युनॉस आयर्सचा अर्थ 'चांगली हवा' असा शाळेत सांगितला होता. पहिला खलाशी उतरला आणि म्हणाला, वा, काय छान हवा आहे! हे खरं आहे का?

दर्यावर्दी

अक्षरवेडा, ती गोष्ट तिथेही सांगतात, पण खरी नव्हे. याचे उत्तर मला एका भलत्याच बंदरात मिळाले.

मी व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षे काढली. एकदा इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी बंदरात आमचे जहाज आठ दिवस अडकून पडले. बंदराच्या वरच्या टेकडीवर एक मोठे देऊळ आहे, बोनारियाच्या मातेचे. बोनारिया म्हणजे चांगली हवा. खाली शहराभोवती दलदल आणि हिवताप, वर टेकडीवर वारा स्वच्छ, म्हणून चौदाव्या शतकात टेकडीला ते नाव पडले. कथा अशी की १३७० साली वादळात सापडलेल्या जहाजावरून सगळा माल समुद्रात टाकला, त्यात एक पेटी होती. ती पाण्याला लागताच दर्या शांत झाला आणि पेटी वाहत टेकडीखाली आली. उघडली तर आत मूर्ती. तेव्हापासून ती खलाशांची माता. वेदीच्या वर एक छोटे हस्तिदंती जहाज दोरीने टांगलेले आहे. आखातात वारा कुठला आहे ते त्या जहाजाचे नाक दाखवते, असे तिथला सेवेकरी म्हणाला. शेजारी खलाशांनी नवस फेडण्यासाठी वाहिलेली जहाजे आहेत, लाकडाची, चांदीची. आमच्या रत्नागिरीकडचा माणूस तिथे उभा राहिला तर त्याला काही परके वाटणार नाही.

स्पेनच्या खलाशांमध्येही या मातेची भक्ती पसरली. पेद्रो दे मेंदोसा १५३६ मध्ये ला प्लाता नदीच्या मुखाशी पोचला तेव्हा त्याने वस्तीला तिचेच नाव दिले. ती वस्ती उपासमारीने आणि स्थानिक लोकांच्या हल्ल्यांनी मोडली, १५४१ मध्ये सोडून द्यावी लागली. मग ११ जून १५८० रोजी हुआन दे गाराय नदीने खाली पॅराग्वेतल्या असुन्सिओनहून आला आणि त्याने शहर पुन्हा वसवले. या वेळी शहराचे नाव 'परमपवित्र त्रयी' आणि बंदराचे नाव 'सांता मारिया दे लोस ब्युनॉस आयर्स'. म्हणजे शहर त्रिनिदाद, बंदर ब्युनॉस आयर्स.

पैलतीर यांच्या म्हणण्याला यातून आणखी एक पुरावा मिळतो. जहाजे बंदराला लागतात, माल बंदराच्या नावाने निघतो, पत्रे बंदराच्या नावाने येतात. शहराचे नाव बंदराने खाल्ले. तिथला माणूस आजही स्वतःला 'पोर्तेन्यो' म्हणवतो. आपल्या भाषेत सरळ 'बंदरकर'.

रानजाई

बंदरकर! हे आवडलं.

दर्यावर्दी काका, अशीच अदलाबदल पोर्टो रिकोत झाली ना? बेटाचं नाव कोलंबसने सान हुआन ठेवलं होतं आणि शहराचं नाव पडलं पुएर्तो रिको, म्हणजे संपन्न बंदर. पुढे ती नावं चक्क उलटी झाली. बेट पुएर्तो रिको, शहर सान हुआन.

पण पैलतीर, मला तुमचं म्हणणं पूर्ण पटलेलं नाही. लोकांच्या तोंडातलं नाव जिंकतं म्हणता, मग सान्तियागोचं काय? चिलीचं सान्तियागो, क्युबाचं सान्तियागो, डोमिनिकनमधलं सान्तियागो, अर्जेंटिनातलं सान्तियागो देल एस्तेरो. असुन्सिओन तर १५ ऑगस्ट १५३७ ला वसलं आणि मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या त्या दिवसाचंच नाव घेऊन आजतागायत बसलंय. बोलिव्हियातलं ला पाझ म्हणजे 'शांती', पिझारोच्या भावाचं बंड मोडल्यावर १५४८ मध्ये ठेवलेलं नाव. ही सगळी कागदावरचीच नावं, आणि घट्ट टिकलीत.

पैलतीर

रानजाई, हे बरोबर आहे आणि मी जरा सरसकट बोलले. जिथे आधीपासून मोठी वस्ती, बाजार, देवस्थान होतं, जिथले लोक भाषेसकट टिकून राहिले, तिथे जुनं नाव तग धरून राहिलं: मेक्सिको, कुस्को, किटो. जिथे वस्ती विरळ होती किंवा मारली गेली, तिथे संत आणि सण राहिले.

ला पाझचं मात्र वेगळं आहे. ते ज्या खोऱ्यात वसलं त्याचं नाव चुकियागो. आयमारा बोलणारे लोक आजही आपल्या भाषेत 'चुकियावु' म्हणतात. मी तिथे चार दिवस होते. शेतावरून आलेल्या बटाट्यांची गाठोडी बांधणाऱ्या बाया आपापसात ला पाझ म्हणतच नव्हत्या. म्हणजे एकाच शहराची दोन नावं, आणि कुठलं नाव ऐकू येतं ते तुम्ही कुणाच्या शेजारी बसलात त्यावर ठरतं.

मोडीवाचक

नावं कशी ठेवली गेली याआधी गावं कशी वसवली जात हे थोडं सांगतो, कारण नाव ठेवणं हा त्या विधीचाच भाग होता.

संस्थापक जागेवर येई, एक खांब रोवला जाई. हा न्यायाचा खांब, शिक्षाही तिथेच होई. लेखनिक बाजूला बसून सगळं टिपत असे. गाराय १५८० मध्ये ब्युनॉस आयर्सला हातात तलवार घेऊन उभा राहिला, गवत कापलं, हवेत वार केले आणि कुणाचा विरोध आहे का असं विचारलं. विरोध नाही, अशी नोंद झाली. ज्यांची जमीन होती त्यांना ही भाषा समजत होती का, हे तो कागद सांगत नाही. मला हे वाचताना दर वेळी पोटात तुटतं.

मग चौक आखला जाई. दुसऱ्या फिलिप राजाच्या १५७३ च्या आज्ञापत्रात मापंसुद्धा दिली आहेत: चौक लांबट हवा, लांबी रुंदीच्या निदान दीडपट, म्हणजे सणाच्या दिवशी घोडे दौडवता येतील. २०० बाय ३०० फुटांपेक्षा लहान नको, ५३२ बाय ८०० पेक्षा मोठा नको, ४०० बाय ६०० उत्तम. चौकापासून सरळ रस्ते. लिमा मात्र या आज्ञापत्राच्या आधीचं. पिझारोने तिथे ११७ चौकोन आखले, त्याला आजही 'पिझारोचा सोंगट्यांचा पट' म्हणतात.

याच पद्धतीमुळे नाव बहुतेक वेळा पंचांग बघून ठेवल्यासारखं पडे. त्या दिवशी कुठला संत, कुठला सण, ते नाव.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. लिमाच्या तीन राजांबद्दल वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या पणजीसमोर मांडवीच्या पलीकडे रेइश मागुशचा किल्ला आहे. 'रेइश मागुश' म्हणजे तेच तीन राजे. तिथल्या चर्चचं फेस्तही ६ जानेवारीलाच. गावातले तीन मुलगे मुकुट आणि झगे घालून राजे होतात, घोड्यावर बसून येतात, मागे सगळा गाव चालतो. लहानपणी माझा मोठा भाऊ त्या मुलांच्या मागे इतका पळाला की त्याची चप्पल चिखलात राहिली आणि आईने शोधायला मला पाठवलं होतं.

गोवा पोर्तुगीजांचं होतं, स्पेनचं नव्हे, हे मला माहीत आहे. पण १५८० ते १६४० अशी साठ वर्षं दोन्ही राज्यांचा राजा एकच होता. तेव्हा गोवा, वसई, चौल आणि लिमा एकाच मुकुटाखाली होते.

कागद आणि तोंड यांचं म्हणाल तर पणजीला १८४३ मध्ये राजधानी केली तेव्हा अधिकृत नाव 'नोव्हा गोवा' दिलं होतं. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ते छापलेलं आहे. आजोबा स्वतः आयुष्यभर पणजेंच म्हणत आले.

शेवंता

खूप छान माहिती. एक बाळबोध प्रश्न: स्पॅनिशमधला 'सान्तो' आणि आपला 'संत' एकच का?

मोडीवाचक

शेवंताताई, बाळबोध अजिबात नाही, पुष्कळांना हे वाटतं. पण नाही. सान्तो लॅटिन 'सांक्तुस'वरून आला, अर्थ पवित्र ठरवलेला. आपला संत 'सत्'वरून. आवाज जुळला, अर्थही जवळ आला, पण मुळं वेगळी. आणि सान्तियागो म्हणजे सान्त आणि यागो एकत्र झालेले. यागो म्हणजे येशूचा शिष्य याकोब.

पश्चिमरंग

मी गेली अकरा वर्षं लॉस एंजेलिसजवळ राहतो. इथल्या आपल्या मंडळींना 'देवदूतांचं शहर' एवढंच माहीत असतं. पूर्ण कथा जास्त गोड आहे.

१७६९ मध्ये गास्पार दे पोर्तोलाची तुकडी इथून जात होती. सोबत हुआन क्रेस्पी नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता. २ ऑगस्टला त्यांचा मुक्काम एका नदीकाठी पडला. फ्रान्सिस्कनांसाठी हा मोठा सण, पोर्सिउंकुलाच्या देवदूतांच्या मातेचा. पोर्सिउंकुला म्हणजे 'जमिनीचा लहानसा तुकडा'. इटलीत असिसीजवळ एवढ्याशा तुकड्यावर एक चिमुकलं देऊळ होतं, संत फ्रान्सिसने ते स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं आणि त्याचा पंथ तिथून सुरू झाला. क्रेस्पीने नदीला ते नाव दिलं. ४ सप्टेंबर १७८१ ला गाव वसलं, ते नदीवरूनच देवदूतांच्या राणीचं गाव झालं.

वसवणारे किती? ११ कुटुंबं, ४४ माणसं, त्यांत निम्मी मुलं. सिनालोआ आणि सोनोरा भागांतून आलेली. स्पेनचं शुद्ध रक्त सांगणारे त्यांत दोनच, बाकी स्थानिक, आफ्रिकी आणि मिश्र वंशाचे. जवळच इथल्या मूळच्या टोंगवा लोकांचं यांगा नावाचं गाव होतं. त्या गावातल्या लोकांच्या मेहनतीवर हे नवं गाव उभं राहिलं, आणि यांगा मात्र नकाशावरून पुसलं गेलं.

ज्या नदीमुळे हे नाव आलं, तिला १९३८ च्या मोठ्या पुरानंतर काँक्रीटच्या पन्हाळीत घातलं. ऑफिसला जाताना मी ती रोज ओलांडतो. बहुतेक महिने मधोमध पाण्याची एक पट्टी तेवढी असते. काही टप्प्यांत तळ मातीचा राहिलाय, तिथे झुडपं आणि बगळे दिसतात. पैलतीर यांची बोलणारी नदी वाचल्यावर काल मुद्दाम गाडी बाजूला लावून तिथे उतरलो. ऐकू आली ती फक्त महामार्गाची घरघर.

सॅन फ्रान्सिस्कोचंही सांगतो. मिशन, म्हणजे पाद्र्यांचं ठाणं, १७७६ चं, पण बंदराजवळच्या गावाचं नाव १८४७ पर्यंत येर्बा बुएना होतं. 'चांगली वनस्पती'. टेकड्यांवर वाढणारा एक रानपुदिना, त्याच्यावरून. मला ते नाव राहायला हवं होतं असं वाटतं.

नीलमोहोर

सगळे अमेरिकेतच अडकलेत, फिलिपिन्सकडे कुणी आलंच नाही! तेही तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं होतं, आणि देशाचं नावच मुळी फिलिप राजावरून. मी मनिलात राहते, म्हणून लिहिते.

मिगेल लोपेस दे लेगास्पीने २४ जून १५७१ ला मनिला स्पेनचं शहर म्हणून घोषित केलं. पण पासिग नदीच्या मुखाशी त्याआधीच तटबंदीची वस्ती होती आणि तिचं नाव मायनिला. तिथल्या राज्यकर्त्यांच्या पदव्या ऐका: राजा सुलायमान, राजा मातांदा. हो, आपलाच 'राजा'.

मायनिला म्हणजे काय? इथे शाळेत शिकवतात की 'निलाद' नावाचं झुडूप खाडीकाठी भरपूर होतं, म्हणून 'माय-निलाद', जिथे निलाद आहे ते. पण भाषेच्या अभ्यासकांना ते पटत नाही. निलादचा 'द' असा आपोआप गळून पडत नाही, आणि जुन्या लेखनातही नाव द-शिवायच आहे. त्यांच्या मते ते 'माय-निला', म्हणजे जिथे नीळ आहे ते. तागालोग या इथल्या भाषेतला 'निला' म्हणजे नीळ. आणि तो शब्द आला संस्कृत 'नील'मधून.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आईला फोन केला. ती पांढऱ्या कपड्यांना नीळ घालायची, बादलीत पुरचुंडी फिरवायची आणि पाणी आभाळासारखं व्हायचं. आई म्हणाली, "म्हणजे तू निळीच्या गावात राहतेस होय!"

तांबडमाती

नीलमोहोर, माहिती छान आहे, पण एक विनंती. आता कुणीतरी 'मनिला आपलंच होतं' अशी ढकलपत्रं पाठवायला लागेल. शब्द प्रवास करतात, त्याचा अर्थ राज्य होतं असा नाही. तागालोगमधले संस्कृत शब्द बहुतांशी मलय आणि जावाच्या मार्गाने, व्यापाऱ्यांसोबत गेले. मालकी सांगण्यापेक्षा तो प्रवास समजून घेणं मला जास्त मोलाचं वाटतं.

नीलमोहोर

तांबडमाती, शंभर टक्के सहमत. मीही त्याच भावनेने लिहिलं होतं. आणि त्या प्रवासाचा एक पुरावाच इथे आहे.

१९८९ मध्ये मनिलाजवळ लागुना प्रांतात नदीतली वाळू काढताना एक ताम्रपट सापडला. साधारण वहीच्या पानाएवढा, काळवंडलेला, दहा ओळी कोरलेल्या. लिपी जावाकडची कावी, भाषा जुनी मलय, अधूनमधून संस्कृत. मी राष्ट्रीय संग्रहालयात काचेपलीकडून तो पाहिला, पण अक्षर कळलं नाही. घरी येऊन त्याचं वाचन शोधलं आणि पहिल्या ओळीशीच थबकले. 'स्वस्ति शक वर्षातीत ८२२ वैशाख मास', पुढे 'चतुर्थी कृष्णपक्ष सोमवार'. शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार. इसवी सन ९००. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जशी तिथी लिहितात तशी!

मजकूर एका कर्जमाफीचा आहे. नामवरान नावाच्या माणसावरचं कर्ज माफ झालं, त्याची मुलं अंकातान आणि बुका मोकळी झाली. रक्कम एक कट्टी आणि आठ 'सुवर्ण', ही सोन्याची जुनी वजनं. तुंदुनच्या नायकाचाही उल्लेख आहे, म्हणजे आजचं तोंदो, मनिलातलाच एक भाग. स्पॅनिश लोक यायच्या पावणेसातशे वर्षं आधी हे नाव धातूवर कोरलेलं होतं आणि आजही बसच्या पाटीवर आहे.

अक्षरवेडा

हे वाचून अंगावर काटा आला. तिथी वाचता येते म्हणजे ओळखीचं कुणीतरी हजार वर्षांपूर्वीच्या गर्दीत दिसल्यासारखं वाटतं.

मोडीवाचक

ग्वातेमालाचा उल्लेख व्हायलाच हवा, कारण तिथे एक तिसरंच तोंड आहे.

तिथले स्थानिक लोक माया भाषा बोलणारे: किचे, काक्चिकेल वगैरे. पण गावांची नावं बघा. केत्साल्तेनांगो, वेवेतेनांगो, चिचिकास्तेनांगो. ही माया भाषेतली नाहीत, नाहुआत्लमधली आहेत, म्हणजे मध्य मेक्सिकोच्या अझ्टेकांची भाषा. कारण १५२० च्या दशकात स्पॅनिश सैन्य दक्षिणेकडे उतरलं तेव्हा त्याच्यासोबत त्लाश्कालाचे आणि इतर नाहुआत्ल बोलणारे सैनिक आणि वाटाडे मोठ्या संख्येने होते. स्पॅनिश माणूस विचारायचा, हे कुठलं गाव? वाटाड्या आपल्या भाषेत सांगायचा आणि लेखनिक तेच लिहायचा. 'ग्वातेमाला' हा शब्दही तसाच, नाहुआत्लमधला 'दाट झाडीचा मुलूख'. त्यामुळे नाव जेत्याचं नाही, गावकऱ्याचंही नाही, वाटाड्याचं आहे. गावकरी मात्र केत्साल्तेनांगोला आजही 'शेला' म्हणतात, त्यांच्या जुन्या शेलाहू या नावावरून. बसचे वाहकही तसंच ओरडतात.

तिथली राजधानीही फिरती. १७७३ च्या भूकंपाने शहर मोडलं, १७७६ मध्ये नव्या जागी नेलं आणि नाव सोबत गेलं. मागे उरलेल्या शहराला लोक नुसतं 'आंतिग्वा' म्हणू लागले, म्हणजे जुनं.

रानजाई

पुण्यात स्पॅनिश शिकत असताना 'कार्ताहेना दे इंदियास' वाचून मला वाटलं होतं की हे भारताशी संबंधित काहीतरी असणार. बाईंनी समजावलं की कोलंबसाच्या चुकीमुळे स्पेनच्या दफ्तरात 'इंदियास' म्हणजे अमेरिका, आणि ती चूक कळल्यावरही शेकडो वर्षं तशीच राहिली. कोलंबियातलं हे शहर पेद्रो दे एरेदियाने १५३३ मध्ये वसवलं. स्पेनमधल्या कार्ताहेनाहून वेगळं ओळखू यावं म्हणून 'दे इंदियास'.

मूळ स्पेनमधल्या कार्ताहेनाचं नाव आणखी मजेशीर आहे. फिनिशियन भाषेत 'कार्त हदश्त' म्हणजे नवं शहर, ते आफ्रिकेतलं कार्थेज. त्याच नावाचं शहर कार्थेजवाल्यांनी स्पेनमध्ये वसवलं, रोमनांनी त्याला म्हटलं 'कार्थागो नोव्हा', म्हणजे नवं नवं-शहर. तेच नाव पुढे समुद्र ओलांडून गेलं.

दर्यावर्दी

डोमिनिकन रिपब्लिकची राजधानी सान्तो दोमिंगो, तिच्याबद्दल थोडे. अमेरिकेतले युरोपियनांनी वसवलेले आणि आजवर सलग नांदलेले सर्वांत जुने शहर ते. ओसामा नदीच्या पूर्वेला कोलंबसाच्या भावाने वसवले, १५०२ च्या वादळाने उडाले, मग पश्चिम काठावर नेले. १९३६ मध्ये हुकूमशहा त्रुहियोने शहराला स्वतःचे नाव दिले, सियुदाद त्रुहियो. १९६१ मध्ये तो मारला गेला आणि त्याच वर्षी जुने नाव परत आले. माझ्याबरोबर जहाजावर तिथला एक वयस्क बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. त्याच्या जन्मदाखल्यावर त्रुहियोचे नाव होते. तो दाखला दाखवताना त्या ओळीवर अंगठा ठेवायचा.

शेवंता

आणि आपलं पेरू हे फळ? देशावरूनच ना?

मांडवीकाठ

शेवंता, आम्ही कोकणीत त्याला 'पेर' म्हणतो. पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती, आणि बरेच अभ्यासक मराठी पेरूचा संबंध तिथे लावतात. फळ मात्र अमेरिकेतलंच. बटाटा तर शब्दासकट तिकडचा: कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा 'बताता' पोर्तुगीज जहाजांवरून आपल्याकडे आला. तिकडे तो रताळ्याचं नाव होता.

पैलतीर

दोन दिवस धागा वाचतेय, वहीची पानं भरत चाललीत. मनापासून आभार.

काल लिमाच्या त्या आजींना फोन केला होता. तुमचं सगळं त्यांना सांगितलं, मनिलाची तिथी, रेइश मागुशचे घोडे. मग त्यांना त्यांच्या स्वतःच्या गावाबद्दल विचारलं, जे मी तीन वर्षांत कधी नीट विचारलंच नव्हतं. लिमाहून रात्रीच्या बसने तिथे जातात. तिकिटावर छापलेलं असतं आयाकुचो. स्पॅनिशांनी वसवलं तेव्हा त्या शहराचं नाव होतं सान हुआन दे ला फ्रोन्तेरा दे वामांगा. वामांगा हा तिथलाच जुना शब्द. जवळच्या आयाकुचोच्या पठारावर ९ डिसेंबर १८२४ ला स्पेनच्या सैन्याचा निर्णायक पराभव झाला आणि त्या विजयाची आठवण म्हणून १८२५ मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हारने शहराचं नाव आयाकुचो केलं. म्हणजे या वेळी कागदावरचं नावही स्पॅनिश नव्हतं, केचुआच होतं. 'आया' म्हणजे मृत, 'कुचु' म्हणजे कोपरा.

मी म्हटलं, आजी, हे नाव तर तुमच्याच भाषेतलं आहे आणि स्वातंत्र्याचंही आहे, मग ते तरी म्हणता ना?

त्या म्हणाल्या, "तिकीट काढताना म्हणते. घरी जायचं असेल तेव्हा वामांगा."